कापलेला कर आणि पोहोचलेला कर

पगारदार माणूस कर भरत नाही, त्याच्याकडून तो आधीच काढून घेतलेला असतो. आम्हा शिक्षकांना याची इतकी सवय झालीय की त्याचं काही वाटत नाही. डिसेंबर उजाडला की स्टाफरूममध्ये बोलणं सुरू होतं. ‘तुमचा किती बसला?’ ‘विम्याची पावती दिलीत का?’ फेब्रुवारीचा पगार अर्ध्यावर आला की दोन दिवस कुरकुर होते आणि मग दहावीच्या परीक्षेच्या गडबडीत सगळं विसरलं जातं. सरकारचं देणं फिटलं, असं प्रत्येक जण धरून चालतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. आकड्यांशी माझा संबंध निकालपत्रकापुरता. पण आमच्या मोहल्ल्यात ‘मॅडम शिकलेल्या आहेत’ म्हणून सरकारी कागद माझ्याकडे येतात. पूर्वी पाकिटं यायची, आता लोक मोबाइलवरचा ईमेल पुढे करतात. असे कागद वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. कर कापला जाणं वेगळं आणि तो आपल्या नावावर पोहोचणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये जी वाट आहे, तिथेच साध्या माणसाची फरफट होते.

आपल्या पगारपत्रकावर दोन कर असतात. एक व्यवसाय कर. तो राज्याचा. महाराष्ट्राने १९७५ साली त्याचा कायदा केला आणि रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणं हा त्याचा हेतू होता. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे याहून जास्त घेता येत नाही. ज्या बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत आहे, तिला एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे. हा कर कापून राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे भरायचं काम नोकरी देणाऱ्याचं. नोकरदाराला त्याचं कुठलंही विवरणपत्र भरावं लागत नाही. कापला, संपलं.

दुसरा प्राप्तिकर. तो केंद्राचा, आणि तो कापल्यावर संपत नाही. आपण मात्र दोन्ही एकाच मापाने मोजतो.

प्राप्तिकराची वाट अशी आहे. १९६१ च्या कायद्यातल्या कलम १९२ प्रमाणे पगार देणाऱ्याने दर महिन्याला कर कापायचा. तो सरकारजमा करायचा. मग दर तीन महिन्यांनी विवरणपत्र भरायचं: कुणाचा किती कर कापला, त्याचा पॅन काय. शेवटच्या तिमाहीचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं असतं. ते भरलं, की कापलेली रक्कम आपल्या पॅनसमोर दिसू लागते. ज्या पानावर ती दिसते त्याला फॉर्म २६एएस म्हणतात. त्याच विवरणपत्रावरून १५ जूनपर्यंत फॉर्म १६ मिळायला हवा. त्याचा पहिला भाग विभागाच्या ‘ट्रेसेस’ या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा लागतो, घरी टाइप करून चालत नाही. आणि मग आपण आपलं विवरणपत्र भरतो, ज्याची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते.

म्हणजे एकाच पैशाबद्दल दोघे लिहितात. एकदा शाळा, एकदा आपण. बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातला संगणक हे दोन्ही शेजारी ठेवतो आणि जुळवतो. २०२४ साली ३१ जुलैपर्यंत ७ कोटी २८ लाखांहून जास्त विवरणपत्रं भरली गेली. एवढी कुठला अधिकारी वाचणार? लोकांच्या मनात इन्कम टॅक्स म्हणजे सिनेमातली धाड असते: पहाटे गाड्या येतात, भिंती फोडतात. प्रत्यक्षात हा विभाग बहुतेकांना भेटतो तो या जुळवणीतून. बँक, म्युच्युअल फंड, निबंधक कार्यालय, सगळे आपल्याबद्दल विभागाला कळवत असतात, आणि नोव्हेंबर २०२१ पासून ते सगळं ‘वार्षिक माहिती विवरण’ म्हणजे एआयएस या नावाने आपल्यालाही पाहता येतं. जुळलं तर निरोप येतो की ठीक आहे. जुळलं नाही तर मागणी येते.

अशी मागणी आमच्या ओळखीतल्या एका आपांना आली. दुसऱ्या शाळेत शिकवतात, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. त्यांच्या पगारातून वर्षभरात ३८,४०० रुपये कापले गेले होते. पण शाळेचे जुने मुख्याध्यापक एप्रिलअखेर निवृत्त झाले, विवरणपत्र भरून देणाऱ्या माणसाचे पैसे थकलेले होते, आणि शेवटच्या तिमाहीचं विवरणपत्र गेलंच नाही. कराचा मोठा वाटा त्याच तिमाहीत कापलेला. आपांच्या हातात शिक्का मारलेला, टाइप केलेला फॉर्म १६ होता. त्यावरून कॅफेवाल्या मुलाने आकडे भरले. काही आठवड्यांनी कलम १४३(१) ची सूचना आली: एवढा कर जमा दिसत नाही, व्याजासह तीस दिवसांत भरा.

आपा सुशिक्षित बाई. पण त्या रात्री झोपल्या नाहीत. ‘जन्मात कुणाचा रुपया ठेवला नाही, आणि सरकार म्हणतं मी थकबाकीदार,’ त्या म्हणाल्या. मुलगा म्हणत होता, ‘अम्मी, भरून टाका, झंझट नको.’ आणि हेच सर्रास होतं. तीस-चाळीस हजारांसाठी कोण भांडणार, म्हणून लोक एकदा कापलेला कर दुसऱ्यांदा भरतात.

आम्ही दोघी बसलो आणि कागद नीट वाचला. आधी पाहिला डीआयएन. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर हा ओळख क्रमांक असावा लागतो आणि तो खरा आहे की नाही हे संकेतस्थळावर तपासता येतं. खोट्या नोटिसांच्या आजच्या बाजारात हे आधी बघावं. क्रमांक खरा होता. मग रकान्यामागून रकाना पाहिला. दोन उभ्या ओळी होत्या: तुम्ही काय लिहिलं, आम्हाला काय दिसलं. उत्पन्नात एका रुपयाचाही फरक नव्हता. फरक होता फक्त कापलेल्या कराच्या ओळीत.

आणि इथे कायदा आपांच्या बाजूने होता. कलम २०५ सांगतं की ज्या उत्पन्नावरचा कर मुळातच कापला गेला आहे, त्या कापलेल्या रकमेपुरती मागणी पुन्हा त्या माणसाकडे करता येत नाही. कापणाऱ्याने पुढे भरला नसेल तर त्याला पकडा. अशा तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की एका सनदी लेखापालाच्या पत्रावरून दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मार्च २०१३ मध्ये निकाल दिला. त्यानंतर जुलै २०१३ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना सूचना काढली: कर कापल्याचा पुरावा दिला आणि चूक कापणाऱ्याची असेल, तर खातरजमा करून श्रेय द्या. जून २०१५ मध्ये मंडळाने पुन्हा बजावलं की कापलेला पण जमा न झालेला कर त्या माणसाकडून सक्तीने वसूल करू नका.

मग एकच गोष्ट दोनदा का सांगावी लागली? कारण संगणकाला कलम २०५ शिकवलेलं नसतं. त्याला एवढंच कळतं की या पॅनसमोर रक्कम नाही. कायदा आहे, पण तो कुणीतरी त्याच्यासमोर नेऊन ठेवावा लागतो.

आपांनी ऑनलाइन उत्तर दिलं: मागणी मान्य नाही. सोबत बारा महिन्यांची पगारपत्रकं आणि पासबुकाची पानं ठेवली. दुसरीकडे शाळेला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तोंडी सांगितलं असतं तर ‘बघू, करतो’ हेच उत्तर मिळालं असतं. अर्जात आम्ही एक ओळ घातली होती: विवरणपत्राला उशीर झाला तर कलम २३४ई प्रमाणे दिवसाला २०० रुपये शुल्क कापणाऱ्यावर बसतं. त्या ओळीने काम झालं, असं मला वाटतं. चार महिन्यांनी विवरणपत्र गेलं, २६एएसमध्ये रक्कम दिसू लागली, आपांनी दुरुस्तीचा अर्ज केला आणि मागणी शून्यावर आली. दरम्यान त्यांचा आधीच्या वर्षाचा छोटा परतावा याच मागणीपोटी अडकला होता, तोही सुटला.

उत्तर दिलं नसतं तर? मागणीवर महिन्याला एक टक्का व्याज चढत जातं. मग दंड, मग बँक खात्यावर किंवा पगारावर टाच. हे सगळं कायद्यात आहे आणि एकेक पायरीने होतं. गप्प बसणं म्हणजे कबूल करणं, असाच त्या यंत्रणेचा समज असतो.

आमच्या समाजात या जुळवणीला आणखी एक गाठ आहे, नावाची. भाषा शिकवणारी असल्याने मला ती रोज दिसते. उर्दूत शेख तीन अक्षरांत लिहितात: शीन, ये, खे. मराठीत दोन अक्षरं. इंग्रजीत मात्र कुणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितं, कुणी एस-एच-ई-आय-के-एच, आणि आधार केंद्रावरच्या मुलाने घाईत एस-एच-ई-के-एच टाइप केलेलं असतं. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. माणसाला हे एकच नाव वाटतं, यंत्राला तीन माणसं. त्यात पॅन आणि आधार जोडायची सक्ती आली. न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. निष्क्रिय पॅनवर परतावा मिळत नाही आणि कर चढ्या दराने, साधारण २० टक्क्यांनी, कापला जातो. माझ्या माहितीतल्या एका तरुण शिक्षकाचं असंच झालं. मूळ दोष काय, तर एक ‘आय’. मुलांचं नाव शाळेत घालताना मी आता पालकांना जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवायला लावते. ‘मॅडम, एका अक्षराने काय होतं?’ असं विचारतात. पुष्कळ होतं.

दुसरा प्रश्न मला हमखास विचारला जातो, विशेषतः वडीलधाऱ्यांकडून. ‘बँकेचं व्याज आम्ही घेतच नाही. सवाबाची नियत न ठेवता गरिबाला देऊन टाकतो. मग त्यावर कर कसला?’ त्यांच्या नियतीबद्दल मला आदर आहे. पण कराच्या नजरेत व्याज खात्यात जमा झालं त्या क्षणी ते तुमचं उत्पन्न झालं. पुढे ते कुणाला दिलं, हा तुमचा आणि अल्लाहचा मामला. बँकेने ते कळवलेलं असतं, एआयएसमध्ये ते दिसतं, म्हणून विवरणपत्रात ते दाखवायलाच हवं. जुन्या पद्धतीत बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत ती नाही. न घेतलेलं व्याज लपवलेलं उत्पन्न ठरू नये, एवढ्यासाठी तरी ते लिहावं.

आणि नाव व नियतीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. ‘तुम्ही लोक कुठे टॅक्स भरता’ हे वाक्य मी प्रवासात, लग्नात, एकदा तर प्रशिक्षणाच्या वर्गात ऐकलं आहे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात धर्माचा रकाना नाही. असा हिशेब सांगणाऱ्याने आकडा आणला कुठून, एवढंच मी विचारते. माझं स्वतःचं उत्तर माझ्या २६एएसमध्ये आहे.

२०२५ साली संसदेने नवा प्राप्तिकर कायदा केला. तो १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं, पण पगारातून कर कापायची पद्धत तीच आहे. वाट तीच, म्हणजे खड्डेही तेच.

तेव्हा वाचणाऱ्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढंच सांगेन. जूनमध्ये शाळा उघडली की एका संध्याकाळी बारा पगारपत्रकं घ्या, कापलेल्या रकमेची बेरीज करा आणि ती २६एएसमधल्या आकड्याशी ताडून पाहा. जुळली तर विवरणपत्र भरा. नाही जुळली तर आधी शाळेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पगारपत्रकं फेकू नका, निवृत्तीनंतरही काही वर्षं जपून ठेवा. आपांची फाइल आता आमच्या तालुक्यातल्या पाच-सहा शाळांत नमुना म्हणून फिरते आहे. कुणाला हवी असेल तर नाव आणि पॅन झाकून प्रत देईन.