दौरा आणि सहल

शासकीय नोकरीत 'दौरा' हा शब्द फार लवकर अंगवळणी पडतो. दौऱ्याचा कार्यक्रम आठ दिवस आधी तालुक्याला जातो, विश्रामगृह झाडून-पुसून ठेवले जाते, साहेबांची जीप ज्या रस्त्याने जाणार तेवढ्याच रस्त्याचे खड्डे बुजतात, आणि साहेब परत येऊन दौऱ्याची डायरी लिहितात. मीही तीसेक वर्षे हेच केले. निवृत्तीनंतर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून केलेल्या एका दिवसाच्या सहलीने मला त्या डायऱ्यांकडे वळून बघायला लावले, म्हणून हा लेख.

डिसेंबरात रायपूरला आत्याकडे गेलो होतो. आत्याचे घर तात्यापाऱ्यात, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांकडे आले, १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत या प्रांताचा कारभार नागपूरहूनच चाले. साहजिकच नोकरी-वकिलीच्या निमित्ताने मराठी घरे इकडे येत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर मध्यप्रदेशात राहिले. २००० साली पुन्हा राज्य बदलले. आत्याने एकाच घरात राहून तीन राज्ये पाहिली.

आतेभावाचा मुलगा म्हणाला, "काका, सिरपूर-राजिम करून येऊ. पण कार नको, माझ्या मोटारसायकलवर चला." या वयात हे जमेल का, अशी शंका होती. तरी सकाळी सहाला, कानटोपी घालून व तीवर हेल्मेट चढवून, निघालो.

पहिला मुक्काम आरंगचा. तिथले भांड देऊळ हे जैन मंदिर गावाच्या वस्तीतच उभे आहे. आत तीन तीर्थंकरांच्या काळ्या पाषाणातील मूर्ती आहेत. पुढे महानदीचा पूल ओलांडला. धान खरेदीचे दिवस असल्यामुळे पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर सारखे आडवे येत होते. जीपच्या काचेआडून ट्रॅक्टर म्हणजे अडथळा वाटे. मोटारसायकलवर त्याच्या मागे रांगतांना वर बसलेल्या शेतकऱ्याशी बोलणे होते. त्याच्याकडून खरेदीकेंद्राचे टोकन, तिथला वजनकाटा, पोत्यांची टंचाई यांविषयी दहा मिनिटांत जे कळले, ते आढावा बैठकीत दोन तासांतही कळले नसते.

महामार्ग सोडून जंगलातल्या रस्त्याने सिरपूरला पोहोचलो. इथले विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले. महाशिवगुप्त बालार्जुनाची आई वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधविले. तिचा शिलालेख रायबहादुर हिरालाल यांनी वाचून प्रसिद्ध केला. हे हिरालाल मध्यप्रांताच्या प्रशासनातले अधिकारी होते. दौऱ्यांवर असतांना पाहिलेले किती लेख त्यांनी जपले, याची कल्पना त्यांनी केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील शिलालेखांच्या सूचीवरून येते. वासटेचा लेख तर एखाद्या चांगल्या शासननिर्णयासारखा आहे. मंदिराला दिलेल्या गावांच्या उत्पन्नाचे हिस्से त्यात ठरवून दिले आहेत. अन्नछत्र, मंदिराची दुरुस्ती व सेवकांचा निर्वाह यांची तरतूद आहे. ब्राह्मणांचा हिस्सा त्यांच्या मुला-नातवांना मिळेल, पण ते विद्वान आणि निर्व्यसनी असतील तरच, अशीही अट आहे. आपल्यामागे काय होईल, हा प्रश्न विचारूनच तो लिहिलेला दिसतो.

१९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथे उत्खनन करून उजेडात आणलेला आनंदप्रभू कुटी विहार पाहून आम्ही नदीकाठी बसलो. एक म्हातारा जाळे दुरुस्त करीत होता. पलीकडे झाडी आणि घरे दिसत होती. सहज विचारले, "ते गाव इथून किती दूर?" त्याने मान वर न करता उलट मलाच विचारले, "आत्ता, की पावसाळ्यात?"

आणि मला एक नस्ती आठवली.

१९९० च्या दशकात मी एका जिल्ह्यात काम करीत होतो. नदीकाठच्या एका पाड्याने अर्ज केला होता की, रेशन दुकान पलीकडच्या गावात आहे, एक दुकान आमच्या काठावर द्यावे. खालून अहवाल आला, सोबत नकाशा होता. नकाशावर अंतर विहित मर्यादेच्या आत भरत होते. मी शेरा मारला, "अंतर मर्यादेत. विनंती अमान्य. नस्तीबद्ध करावे." सहीला दोन मिनिटेही लागली नसतील. नकाशात ती नदी निळ्या रेघेने दाखविलेली होती, मला ती दिसलीही होती. पण पावसाळ्याचे चार महिने त्या रेघेचे काय होते आणि डोक्यावर धान्य घेतलेली बाई तेव्हा कोणत्या वाटेने घरी जाते, हे मी विचारले नाही. त्या भागात माझा दौरा झाला होता, तोही जानेवारीत, जीप जाते तिथपर्यंत.

पुढे महासमुंद, फिंगेश्वर मार्गे राजिमला गेलो. राजीवलोचन मंदिरात इ.स. ११४५ चा जगपालाचा शिलालेख आहे. तो पाहिला. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमात, नदीच्या पात्रातच, कुलेश्वराचे देऊळ आहे. पायी जाण्यासाठी आता झुलता पूल आहे, तरी आम्ही वाळूतून चालत गेलो. वाळूत पाय रुतत होते. उंच जोत्याकडे पाहून पुतण्या म्हणाला, "काका, पुरात इथे चहूकडे पाणी असतं." मी काही बोललो नाही.

अभनपूरवरून रात्री आठला तात्यापाऱ्यात परतलो. सुमारे दोनशे किलोमीटर झाले होते, कंबर धरली होती. आत्याने विचारले, "काय काय पाहिलंत रे?" मी देवळांची नावे सांगितली.

सेवेत नव्याने आलेल्यांना माझे एवढेच सांगणे आहे. 'अंतर मर्यादेत' हे कारण देऊन कोणाचा अर्ज फेटाळायचा असेल, तर आधी ते अंतर अर्जदार ज्या वाटेने कापतो त्या वाटेने, आणि शक्य तर ऑगस्टमध्ये, एकदा कापावे. जीप कचेरीत ठेवावी, कार्यक्रम कोणाला कळवू नये. ते जमत नसेल तर अहवाल पाठविणाऱ्याला निदान त्या म्हाताऱ्याचा प्रश्न विचारावा.

त्या पाड्याला पुढे दुकान मिळाले का? माझी बदली झाली, आणि त्यानंतर मी कधी चौकशी केली नाही.