दोन झडपा

पाण्यात उतरायचे आणि अंग मात्र कोरडे ठेवायचे, ही कल्पना आमच्या मालवणकडच्या माणसाला हसूच आणील. पण उत्तरेकडच्या थंड समुद्रात बोटीवर काम करणारे लोक असा पोशाख खरोखर वापरतात. त्याला ड्रायसूट म्हणतात. पाणी आत न घेणारे अखंड कापड, मानेला आणि मनगटांना घट्ट बसणारे रबरी सील, आत लोकरीचे कपडे. माणूस पाण्यात पडला तरी गारठून मरू नये, एवढाच त्याचा हेतू.

असा एक जुना सूट माझ्या मामांनी बोटीवरून आणला आणि तो दादाच्या मनात भरला. दादा तारकर्लीला पर्यटकांना स्कूबासाठी पाण्याखाली नेतो. आमचा समुद्र उबदार खरा. पण डिसेंबर-जानेवारीत दिवसातून पाच-सहा वेळा उतरले की संध्याकाळी त्याचे दात वाजतात. "ह्योच घालून उतरतलंय," असे त्याने जाहीर केले.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे औषधाचा कागद असो की बँकेचा, इंग्रजी अक्षर दिसले की ते माझ्यापुढे येते. तसेच दादाच्या एका सोबत्याकडचे पाणबुड्यांचे जाडजूड पुस्तकही आले. "तू कॉलेजात जातंस मां? मगे वाचून सांग." मी कला शाखेची, विज्ञान दहावीनंतर सुटले. तरी रात्री जेवणे झाल्यावर वाचायला बसले.

बॉइलचा नियम शाळेत पाठ केला होता, पण तो कोणाच्या जिवाशी निगडित असेल असे तेव्हा वाटले नव्हते. समुद्रात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि सूटमधली हवा निम्मी होते. कापड अंगाला आवळते, घड्यांत कातडी चिमटते, हात हलवणे कठीण होते. म्हणून पाणबुड्याच्या सूटला छातीवर एक झडप असते. रेग्युलेटरपासून आलेली कमी दाबाची नळी तिला जोडायची आणि खाली जाताना बटण दाबून थोडी थोडी हवा आत घ्यायची. दुसरी झडप डाव्या दंडावर. वर येताना फुगणारी हवा तिच्यातून बाहेर पडते. मामांच्या सूटला या दोन्ही नव्हत्या.

दादाने कुठून तरी छातीवरची झडप मिळवली होती. दुसरीची त्याला गरज वाटेना. मानेचे सील बोटाने जरा ओढले की हवा जाईल, असे त्याचे म्हणणे. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. दहा मीटरवर सूटमध्ये चार लिटर हवा असेल, तर पृष्ठभागाशी ती आठ लिटर होईल. एक लिटर हवा पाण्यात सुमारे एक किलो वजन उचलते. म्हणजे चार किलोंची जादा ओढ, आणि जितके वर यावे तितकी ती वाढणार. सील ओढले तर पाणी आत. न ओढले तर माणूस बुचासारखा वर. अशा वेळी श्वास रोखला गेला तर फुफ्फुसे फाटू शकतात.

दादा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग कापड कापायची कात्री त्याने आईला परत दिली.

दुसरी झडप मिळेल तेव्हा दोन्ही बसवायच्या, भोकाभोवती आतून ठिगळ चिकटवायचे, सूट फुगवून साबणाचे पाणी लावायचे, सायकलची ट्यूब तपासतात तसे बुडबुडे शोधायचे, असे ठरले आहे. चेन तो दाब धरते का, तेही पाहायचे. आणि हे सारे झाल्यावरही जाणत्या शिक्षकाबरोबर शिकल्याशिवाय उतरायचे नाही. कारण डोके खाली झाले तर हवा पायांकडे धावते आणि माणूस उलटा होतो. तोवर सूट पडवीत टांगला आहे. सील चिकटू नयेत म्हणून दादा त्यांना टाल्कम पावडर लावतो.

बी. ए. करून काय मिळणार, असे मला गावात पुष्कळांनी विचारले आहे. नोकरीचे मी आज सांगू शकत नाही. पण दोन वर्षे वर्गात बसून जे आत घेत गेले, त्याला बाहेर वाट हवी, हे मला त्या रात्री उमगले. ज्याला पुस्तक वाचता येत नाही पण समुद्र वाचता येतो, अशा भावाजवळ बसून ते त्याच्या भाषेत सांगावे, ही वाट मला पुरेशी वाटते.

(द्वितीय वर्ष, कला)