पगाराविना पहारा

हौशी लेखकांच्या कथा जपणारे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे ऑनलाइन ग्रंथालय २००९पासून सर्वांना खुले आहे. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. खर्च देणग्यांतून भागतो आणि कारभार पाहतात ते बिनपगारी स्वयंसेवक. १० जुलै २०२३ रोजी त्यावर बनावट मागण्यांचा असा लोंढा सोडण्यात आला, की खऱ्या वाचकाला आत शिरणेच अशक्य झाले. पाठोपाठ खंडणीची धमकीही आली. लाखो कथा, कित्येकांचे वर्षानुवर्षांचे लेखन अडकून पडले. स्वयंसेवकांनी मात्र हात टेकले नाहीत. खऱ्याखोट्याची पारख करणारी चाळणी दारावर बसवून त्यांनी ग्रंथालय पुन्हा सुरू केले. फुकट मिळणारी अशी सोय कधी बंद पडली, तर कुरकुर करण्याआधी तिच्यामागे राबणारे हात आपण जरूर आठवावेत.