शिवराक चेडू

आमच्या घरात मासे सोडायला कारणांची वाण नव्हती. सोमवार शंकराचा म्हणून शिवराक. संकष्टी, एकादशी, सगळा श्रावण शिवराक. गणपती घरात असेपर्यंत तर सुक्या माशांचा डबासुद्धा मागच्या खोपीत जायचा. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. पंढरपुरात ती घालून घेतल्यापासून त्यांनी मासळीला हात लावला नाही, आणि त्यांच्यासाठी चुलीवर वेगळं टोप चढवताना आजी कधी कुरकुरली नाही. शेजारच्या काकीने मुलाला नोकरी लागेपर्यंत बांगडा सोडला होता. ऑर्डर आली त्या संध्याकाळी ती बाजारातून पिशवी भरून घरी आली. देवाने मागितलं, डॉक्टरने सांगितलं, नवस बोलला, की ताट आपोआप बदलायचं. का म्हणून कुणी विचारायचं नाही.

दहावीच्या वर्षी मी जाहीर केलं, की मी यापुढे मासे-मटण खाणार नाही. सगळ्यांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“आज वार खयचो?” बाबांनी विचारलं.

बुधवार होता. बुधवारी आमच्याकडे बाजारातून मासे आले नाहीत तर कुणीतरी आजारी आहे असं समजावं.

कारण म्हणाल तर कुर्ल्या. अमावास्येच्या सुमारास त्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ, हे आमच्या बाजूला पोराटोरांनाही ठाऊक असतं. बाबांनी रात्री खाडीवरून आणल्या त्या पत्र्याच्या बालदीत ठेवल्या होत्या, वर पाट, पाटावर वरवंटा. मी मागच्या पडवीत अभ्यासाला बसले होते आणि बालदीतून खरखर येत होती. मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. सकाळी आईने एकेक बाहेर काढली आणि जिवंतपणीच डेंगे मोडून ताटलीत टाकले. मोडलेला डेंगा काही वेळ उघडमीट करत राहतो. आईच्या हातात निर्दयपणा नव्हता, सराईतपणा होता. एकीकडे ती मला वाटपासाठी नारळ खवायला सांगत होती. हे सगळं मी लहानपणापासून पाहत आले होते. त्या सकाळी नवीन काहीच घडलं नाही. फक्त डेंग्याची उघडमीट थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही.

हे घरात सांगायचं कसं? “कुर्ल्यांचा वाईट वाटता? मग कुर्ल्यो खाव नको. पापलेटान तुझा काय घोडा मारल्यान?” बाबांचा हा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. आमचं गाव रापणीचं. पहाटे किनाऱ्यावर दोरी ओढायला अर्धा गाव असायचा आणि जाळं वर आलं की वाटे पडायचे. त्या वाट्यांवर घरं चालत होती. पावसात समुद्र बंद झाला की खारे बांगडे आणि सुका जवळा यांच्यावर दिवस निघायचे. अशा ठिकाणी एका पोरीने मासा नको म्हणणं लोकांना आगाऊपणाचं वाटलं तर नवल नव्हतं.

“बामनीण झालंस की काय?” हे तर वाडीतल्या प्रत्येक ओटीवर ऐकलं. खरं म्हणजे गावातले सारस्वत आमच्याइतकेच मासे खातात, किंबहुना निवडून आणण्यात आमच्या दोन पावलं पुढे. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. आत्याला माझ्या लग्नाची काळजी पडली. सासरी काय रांधशील? आई मात्र काहीच बोलली नाही. तिने दोडक्याच्या भाजीत जवळा घालायचं सोडलं नाही, इतकंच. “वेचून बाजूक काढ,” म्हणायची. मी भाताच्या कडेला तो गुलाबी जवळा काडीकाडीने रचत बसायचे आणि ती ताटाकडे बघत नसल्याचं दाखवत बघत असायची. एके दिवशी तिच्याने राहवेना. “ह्या सगळा मी कोणासाठी करतंय?” बाकीच्यांच्या बोलण्यातलं प्रोटीन त्यात नव्हतं, हाडं नव्हती, सासर नव्हतं. तिच्या हातचा बांगडा, तिरफळं आणि सोलं घातलेला, पंधरा वर्षं मी बोटं चाटून खाल्ला होता. तो मी ताटाबाहेर ठेवला तेव्हा मासा परत गेला असं तिला वाटलंच नाही. तिला वाटलं, ती परत गेली. आईबाप रागावतात त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं, आणि ते त्यांना सांगता येत नाही म्हणून मग हिमोग्लोबिनचा विषय निघतो.

मामाचा मुद्दा वेगळा. दर्यात मोठो मासो बारक्याक गिळता, मग आमी मोठ्याक गिळलो तर काय झाला? पुढे बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र वाचताना मला मामाच भेटला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ट्रायन नावाच्या लेखकाचं पुस्तक वाचून फ्रँकलिनने मांस सोडलं. तेव्हा तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. भावाकडून खानावळीचे निम्मे पैसे मागून घ्यायचा, स्वतःचं स्वतः रांधायचा आणि उरलेल्या पैशांची पुस्तकं आणायचा. पुढे एका प्रवासात वारा पडून जहाज अडलं, लोकांनी कॉड पकडले, तळणाचा वास सुटला. तेवढ्यात कापलेल्या माशाच्या पोटातून बारके मासे निघालेले त्याला दिसले. तुम्ही एकमेकांना खाता, मग मी का नको? तो पोटभर जेवला. माणसाला जे करायचंच असतं त्याला कारण सापडतं, असा टोला त्याने स्वतःलाच हाणून ठेवला आहे. मामाला हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “शाणो माणूस!”

तोडगा शेवटी आजीने काढला. “माळ घाल गो. मगे कोण काय बोलूचो नाय.” प्रेमानेच म्हणाली होती. आजोबांचं वेगळं टोप आयतं चढलेलं होतं, त्यात माझी मूठभर डाळ शिजायला काय हरकत होती? पण विठोबाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. न मागितलेलं त्याच्या नावावर खपवायचं मला जमेना.

गांधींची गोष्ट इथे मला नेहमी आठवते, कारण ती बरोबर उलट्या बाजूने सुरू होते. राजकोटचा शाळकरी मोहनदास वैष्णव घरात राहून मित्राच्या नादाने चोरून मांस खायचा. पहिल्यांदा खाल्लं त्या रात्री पोटात बकरं ओरडतंय असं त्याला वाटत राहिलं. पुढे ते बंद केलं ते दयेने नव्हे, आईबापांशी खोटं बोलवेना म्हणून. १८८८ साली विलायतेला जाण्यापूर्वी आईसमोर शपथ घेतली, मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची. लंडनमध्ये तो उपाशी राहिला, उकडलेल्या बेचव भाज्या गिळल्या, पण शपथ मोडली नाही. आणि मनातून मात्र हिंदुस्थानाने मांस खावं असंच त्याला वाटत होतं. मग एका शाकाहारी खानावळीत हेन्री सॉल्टचं पुस्तक हाती लागलं, आणि तोवर आईचं असलेलं व्रत त्याचं झालं. आपल्याकडे शपथेचा भाग सगळे आदराने सांगतात. सॉल्टच्या पुस्तकापाशी मात्र कुणी थांबत नाही. आईसाठी न खाणारा मुलगा गुणी, स्वतःच्या मनाने न खाणारा हट्टी.

आणि तरीही माणसांना तडजोड येत नाही असं मी म्हणणार नाही. आत्याच्या सासरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण, वडे, सगळं साग्रसंगीत. गणपती शेजारीच बसलेला. तो शिवराक. मग मध्ये पडदा धरतात, गौर जेवते, पडदा काढतात. एकाच मखरात आई मटण खाते आणि लेक मोदक, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात वाद झालेला नाही. गौर गणपतीला म्हणत नाही, की बाबा रे, तुझ्या अंगात रक्त कसं वाढायचं. देवांसाठी जी युक्ती आपण शोधून काढली ती दहावीतल्या पोरीसाठी का वापरत नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

नोकरीसाठी मुंबईला आले तेव्हा भाड्याची खोली शोधत होते. एका सोसायटीत एजंटने आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मग हळूच, नॉनव्हेज खाता का? ‘नाही’ हे उत्तर शंभर टक्के खरं होतं. किल्ली जवळजवळ हातात होती. मी म्हटलं, मी नाही खात, पण आईबाबा आले की ते खातील, इथेच रांधतील. खोली मिळाली नाही. त्याचं मला वाईटही वाटलं नाही. मासा मी सोडला होता, माणसं नाही. ज्यांना माझ्या आईच्या फोडणीचा वास जिन्यात चालत नाही, त्यांच्या पंगतीला मी बसायची नाही, मग ताटात दोघांच्या एकच वरणभात का असेना. शाकाहाराचा असा माज मी पाहिला आहे आणि कुर्ल्यांच्या बालदीपेक्षा तो मला अधिक क्रूर वाटतो.

घरी तह झाला तोही कुणी न करता. आईने एकदा काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, बांगड्याचंच वाटप, तीच तिरफळं, आणि समोर ठेवून म्हणाली, “बघ, मीठ बरा आसा?” बाबा अजून बुधवारी विचारतात, तुझ्यासाठी काय आणू. मी म्हणते, सुरण आणा. ते तोंड वाकडं करून आणतात.

तुमच्या घरात असं एखादं पोर निघालं तर त्याला बामण करू नका आणि माळही घालू नका. दूध चालतं का, अंडं चालतं का, ते नीट विचारून घ्या. बी-बारा हे जीवनसत्त्व झाडपाल्यात मिळत नाही. दूध-अंडं दोन्ही नको म्हणालं तर डॉक्टरला विचारून गोळी सुरू करावी लागेल, तिथे हट्ट चालायचा नाही. बाकी कुळीथ, वाटाणे, खतखतं, ओल्या काजूगरांची उसळ हे आपल्याच घरातलं जेवण आहे. त्याला रांधायला शिकवा, त्याचं टोप त्यालाच चढवू द्या. आणि दोडक्यात जवळा घालण्याआधी त्याची वाटी तेवढी बाजूला काढून ठेवा.