बारा पैशांचा संगणक

आमच्या घरच्या संगणकाची आजची किंमत बारा पैसे आहे. हा हिशेब मी बँकेत, भर दुपारी, लिंक गेलेली असताना केला. आप्पांनी तो जून २००८ मध्ये २८,००० रुपयांना घेतला. आयकराच्या नियमाप्रमाणे संगणकावर तेव्हा ६० टक्के घसारा असे. २०१७-१८ पासून तो ४० टक्क्यांवर आला. घटत्या बाकीच्या पद्धतीने वजा करत गेलो, तर मार्च २०२५ अखेर बारा पैसे उरतात. ही पद्धत मोठी दयाळू. वस्तूला ती शून्यावर कधीच आणत नाही. बी.कॉम.ला शिकलेल्यापैकी संसारात उपयोगी पडलेले एवढेच.

तर हा ऐवज कपडा पांघरून कोपऱ्यात बसला होता. पुण्याहून ताईचा फोन आला, "आप्पांचे अर्ज त्यातच आहेत ना? सगळे छापून पाठव. पोरांना वाचायला देणार आहे."

आप्पा निवृत्त शिक्षक. पासष्टाव्या वर्षी एका बोटाने टायपिंग शिकले आणि त्या बोटाने त्यांनी फक्त तक्रारअर्ज लिहिले. तुंबलेले गटार, एस.टी.ची वेळ, भर दुपारी जळणारा रस्त्यावरचा दिवा. गारगोटीतली एकही गैरसोय त्यांच्या बोटाखालून सुटली नाही. मी मात्र त्यातला एकही अर्ज वाचला नव्हता. जेवताना तोंडी ऐकायला मिळत असे, तेच पुष्कळ होई.

बटण दाबले. आत पंखा घरघरला, पडदा काळाच, आणि लांब शिट्या सुरू झाल्या. आमच्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे मी आधी एक थाप मारून पाहिली. शिट्या वाढल्या. सौ. आतून म्हणाली, "अहो, कुकर बंद करू का?"

शेवटी बाजारातल्या दुरुस्तीवाल्या पोराला बोलावले. वय बावीस. त्याने झाकण काढले आणि आतली धूळ पाहून म्हणाला, "काका, यात भुईमूग लावला असता तरी आला असता." मग खोडरबर मागितले. मला वाटले, बिलात खाडाखोड करतोय. पण त्याने रॅमची पट्टी उपसली आणि तिच्या पिवळ्या टोकांवरून रबर हळूच फिरवले.

"शिट्टी म्हंजे रॅम दिसत न्हाई म्हणतंय ते. आपल्या पावसात टोकांवर थर चढतोय. धरत न्हाई मग."

हे पटले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वेदगंगेचे पाणी नदीत मावत नाही आणि हवेतले कपाटात. पापड, काडेपेटी आणि संगणक एकदमच सादळतात. मी मात्र तीन महिने व्होल्टेजला शिव्या घालत होतो.

शिट्या थांबल्या, पण दोन मिनिटांत सगळेच थांबले. पोराने बॅटरी मारून बोर्डावरचे दोन कपॅसिटर दाखवले. खरे तर त्यांची डोकी सपाट हवीत. ही तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली होती. आतले रसायन बिघडले की असे होते म्हणे, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या बोर्डांवर असले फुगीर नग निघाले. गारगोटी जगाच्या बरोबरीने चालल्याचे हे एक उदाहरण. त्याने नवे बसवून डाग दिले. १७० रुपये झाले. बारा पैशांच्या मालमत्तेवरचा हा खर्च भांडवली की महसुली, यावर मी विचार करत असतानाच पडदा उजळला आणि तारीख आली: १ जानेवारी २००७.

"सेल गेलाय," पोरगा म्हणाला. बोर्डावर रुपयाएवढा सेल असतो, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२; नावातच माप. तीन व्होल्टच्या त्या चकतीवर, वीज नसताना, आतले घड्याळ चालते. ती मेली की संगणक दर वेळी आपल्या जन्माच्या आसपास जाऊन बसतो. घड्याळवाल्याकडेही मिळते.

आप्पा म्हणाले होते एकदा, "याची तारीख चुकते रे." मी म्हणालो होतो, "रविवारी बघू."

फोल्डर उघडले. १४३ अर्ज. शेवटचा कुठला ते पाहावे म्हणून तारखेप्रमाणे लावले, तर निदान चाळीस अर्जांवर १ जानेवारी २००७. संगणक घरात येण्याच्या दीड वर्ष आधीचे! त्यातला कुठला आधीचा, कुठला शेवटचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

त्या चाळिसांत एक सापडला. मा. शाखा व्यवस्थापक यांस. आमच्याच शाखेच्या. विषय: खिडकी क्र. ३ वरील लिपिकाच्या वर्तणुकीबाबत. मी चष्मा पुसला. खिडकी क्र. ३ माझी.

"महोदय, सदर लिपिक माझे चिरंजीव असले तरी लिहिणे भाग आहे. पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना 'लिंक गेली' असे सांगून ते चहास जातात. परत आल्यावर लिंक आली की नाही हे पाहत नाहीत. गेल्या महिन्यात रांगेत मी स्वतः पाचवा होतो, त्यांनी मान वर करून पाहिले नाही. तरी योग्य ती समज द्यावी. मात्र बदली करू नये. घरातील संगणक वारंवार बिघडतो व तो पाहणारे दुसरे कोणी नाही."

सौ.ने विचारले, "काय सापडलं?"

"अर्ज आहे."

"कुणाविरुद्ध?"

मी सेल आणायला बाजारात गेलो.