आडाला विचारल्याशिवाय

जुनी जागा सापडत नाही, म्हणून नवी जागा नेमता येत नाही. बॅकअपच्या प्रोग्रामचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. सेटिंगची खिडकी उघडली की तो आधी नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीला हाक मारतो. तोवर सगळी बटणं करडी. बऱ्याच वेळाने उत्तर येतं की नेटवर्क पाथ सापडला नाही, आणि खिडकी मिटते. रोज किती वाजता प्रत घ्यायची, कुठलं फोल्डर वगळायचं, असल्या बारीकसारीक गोष्टींनाही तो हात लावू देत नाही. मला तर पेटीच बदलायची आहे.

पेटी दादाच्या घरी, कोल्हापुरात. तो फोनवर म्हणाला, "अगं, कॉम्प्युटर तुझा, फाइली तुझ्या, मग माझ्या घरच्या पेटीची परवानगी कशाला लागते?" मागून आईचा आवाज आला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

ही म्हण इथे लागू पडते का, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. म्हणीत आड आहेच. पाणी आहे की नाही एवढाच प्रश्न. आडाच्या असण्याबद्दल कुणाला शंका नाही. माझ्या बाबतीत आड कदाचित काठोकाठ भरलेला असेल, पण तिथे जायची वाटच नाही. शिवाय बॅकअपचा पोहरा उलटा चालतो. तो रोज भरून आत जातो आणि रिकामा वर येतो. असं वर्षानुवर्षं चालतं आणि एखाद्याच दिवशी तो भरून वर यावा अशी आपली अपेक्षा असते. त्या दिवसाआधी आडात काय साचलंय हे कुणी वाकून बघत नाही.

आणि म्हणीत दोर नाही. आजोळच्या आडावर दोर हीच मोठी गोष्ट होती. आड सगळ्या गल्लीचा, पण दोर आणि पोहरा ज्याचा त्याचा. दोर तुटला की पोहरा तळाला जायचा, आणि मग ज्या घरी गळ असेल तिथे मुलांना पिटाळायचे. लोखंडी कडीला चारी बाजूंनी बाकदार आकडे. तो दोराला बांधून आत सोडायचा आणि तळाशी हळूहळू फिरवायचा. काठावरची माणसं बोलायची थांबत. आकडा कशाला तरी अडकल्याचं दोर धरणाऱ्याच्या तळव्याला आधी कळे. पुष्कळदा हवा तो पोहरा राहून जायचा आणि कुणाची तरी जुनी, चेपलेली, शेवाळलेली कळशी वर यायची. ती कुणाची, यावर काठावर बराच वेळ बोलणं चाले. घरोघरी नळ आले आणि तो आड बुजवला. म्हण तेवढी राहिली आहे.

प्रोग्राम असा का वागतो, त्याला कारण आहे. विंडोजमधली फाइल हिस्टरी घ्या. ती आपल्या सेटिंगची एक प्रत आपल्या कॉम्प्युटरवर ठेवते आणि दुसरी जिथे बॅकअप जातो तिथे. रेस्टिक नावाच्या प्रोग्राममध्ये तर साठ्याची मूळ नोंद साठ्यातच असते. बोर्ग नावाचा आणखी एक आहे. साठा नेहमीच्या जागी न दिसता दुसरीकडे दिसला, तर तो आधी हटकतो: हा साठा पूर्वी अमुक ठिकाणी होता, आता इथे आहे, पुढे जायचं का? म्हणजे हा करार दोघांतला आहे. एक पक्ष गैरहजर असताना दुसऱ्याने त्यातली कलमं बदलायची का, असा प्रश्न आहे. माझ्या प्रोग्रामचं उत्तर आहे, नाही. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्या नकाराबद्दल मला आदर वाटू लागला आहे.

पेटी गैरहजर म्हणजे बंद असतेच असं नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो फाइली वाटून घेण्याच्या एका जुन्या पद्धतीतल्या भोकातून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती पद्धत नव्या कॉम्प्युटरवर एकतर मुळातच बसवलेली नसते, किंवा काही दिवस वापरली नाही तर आपोआप काढली जाते. तेवढीच पद्धत येणाऱ्या जुन्या पेट्या मग त्याच खोलीत, दिवे लुकलुकत असताना, सापडेनाशा झाल्या.

माझ्या पेटीत मावशीच्या ओव्या आहेत. जात्यावर बसून म्हटलेल्या, मी रेकॉर्ड केलेल्या. मूळ रेकॉर्डिंगमध्ये जात्याची घरघर इतकी होती की शब्द बुडत. ती मी थोडी थोडी कमी करत गेले, आणि दरवेळची जुनी आवृत्ती पेटीत जमा होत गेली. माझ्याजवळ आता फक्त स्वच्छ आवाज आहे. जातं कोल्हापुरात आहे. नवी जागा नेमली तर आवृत्त्यांची नवी साखळी आजच्या प्रतीपासून सुरू होईल. जुन्या आवृत्त्या पुसल्या जाणार नाहीत, पण त्यांचा आजच्या फाइलींशी असलेला धागा सुटेल.

इथे मला एकनाथ आठवतात आणि मग दुसरं काही सुचत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. नेवाशाला सांगितलेली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली. जवळजवळ तीनशे वर्षं ती हातोहात उतरवली जात होती आणि प्रत्येक हाताबरोबर पाठ हलत होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणला ती शुद्ध केली. ज्यांना विचारावं ते ज्ञानेश्वर जवळजवळ तीन शतकांपूर्वीच समाधिस्थ झालेले. तरी त्यांनी ठरवलं की हा पाठ खरा, हा नव्हे. पुढे कुणी यात आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही दिली. हे काम भाद्रपद वद्य षष्ठीला पुरं झालं आणि आज तीच तिथी आपण ज्ञानेश्वरी जयंती म्हणून साजरी करतो. शुद्धीकरणाचा दिवस तोच ग्रंथाच्या जन्माचा दिवस मानला गेला. यात मला काही खटकत नाही. त्यांनी आडाच्या होकाराची वाट बघितली असती तर आपल्या हाती काय उरलं असतं कोण जाणे. पण त्यांनी बाजूला ठेवलेल्या ओव्या कशा होत्या, या विचाराने मला झोप येत नाही. १९०९ साली इतिहासकार राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ छापला, तेव्हा वाद पेटला तो याच जागी. अधिक जुनं ते अधिक खरं का? की तीनशे वर्षं वारकऱ्यांनी जे म्हटलं तेच खरं? माझ्याकडे जो छापील ग्रंथ आहे त्यात एकनाथांचा हात कुठे लागला हे कुठल्याच पानावर दिसत नाही, आणि मी तो निःशंक मनाने वाचत आले आहे.

मावशीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जातं काढलंस तर ओवी कशाची. किंवा म्हणाली असती, शब्द ऐकू आले म्हणजे झालं. तिचं यातलं कुठलं उत्तर असतं हे मला सांगता येत नाही.

बॅकअपच्या जुन्या कामाला हात न लावता शेजारी दुसरं काम लावायची सोय आहे, असं आता लक्षात आलं आहे. पहिलं ठरल्या वेळी कोल्हापूरला हाक मारत राहील, दुसरं इथे नव्या डिस्कवर प्रत ठेवील. दादाला हे पटलं. मला पटता पटता राहिलं. पेटी पुन्हा सापडली, की दोन ठिकाणी दोन साखळ्या असतील आणि दोन्हींत त्याच नावाच्या फाइली. उद्या भाचीने मावशीच्या ओव्या मागितल्या तर तिला कुठली प्रत द्यायची? एकनाथांपुढे निदान अनेक हातांच्या पोथ्या होत्या. इथे दोन्हीकडे माझाच हात असेल, आणि घरघर किती ठेवायची हे तिने कुणाला विचारायचं?