मुद्दल राखून गाणाऱ्या प्राइसबाई

"ताई, 'आयडा'तलं ते नाइलकाठचं गाणं मला कधी देणार?" सोप्रानोचा, म्हणजे वरच्या पट्टीचा, आवाज असलेली मुलगी शिकायला आली, की दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे : तिशीच्या आधी नाही. मुलगी हिरमुसते. मग मी तिला अमेरिकी सोप्रानो लिऑन्टिन प्राइसबाईंबद्दल सांगते.

आधी ते गाणं समजून घेऊ. 'आयडा' ऑपेराचा तिसरा अंक, रात्रीची वेळ. इजिप्तमध्ये दासी झालेली इथिओपियाची राजकन्या, पुन्हा कधी न दिसणारा आपला मुलूख आठवते आहे. संगीतकार व्हेर्दीने तिला शेवटाकडे वरच्या 'सी'वर नेलंय. तिथे स्वरतंतू सेकंदाला हजाराहून जास्त वेळा कंप पावतात. आणि हा सूर जोरात लावायचा नाही, हळुवार ठेवायचा. पुढ्यात भरगच्च ऑर्केस्ट्रा, मायक्रोफोन नाही, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासारख्या ठिकाणी समोर सुमारे 3800 खुर्च्या. जुन्या संगीत नाटकांतल्या नटांना आवाजाची फेक ठाऊक होती. इथेही तीच लागते, पण ती जोर लावून येत नाही. तोंडाची पोकळी अशी उघडायची, की ती त्याच सुराला घुमली पाहिजे. म्हणून वरच्या सुरांत शब्द पुसट होतात. श्रोते तक्रार करतात, पण त्यात गायिकेची हयगय नसते.

अशा आवाजाची एक शिल्लक असते. मुद्दल राखून व्याजावर गायचं. प्राइसबाईंनी ते कसं केलं?

1927 साली मिसिसिपीतल्या लॉरेल गावात त्यांचा जन्म झाला. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, आई सुईण आणि चर्चमध्ये गाणारी. नऊ वर्षांच्या असताना आईने त्यांना कृष्णवर्णी गायिका मॅरियन अँडरसनच्या मैफलीला नेलं. पुढे ज्युलियार्ड संगीतशाळेत फ्लॉरेन्स पेज किंबल या गुरू मिळाल्या. 1955 मध्ये टीव्हीवर 'तोस्का' गायल्या, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही केंद्रांनी कृष्णवर्णी नायिका नको म्हणून ते प्रक्षेपण दाखवलंच नाही. त्याच वर्षी, साठीजवळच्या मॅरियन अँडरसनना मेट्रोपॉलिटनचा रंगमंच पहिल्यांदा मिळाला होता.

म्हणूनच 1958 ची गोष्ट मला मोठी वाटते. मेट्रोपॉलिटनने प्राइसबाईंना बोलावलं, 'आयडा'साठी. भूमिका त्यांच्या गळ्यात बसलेली होती; आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत आजारी गायिकेच्या जागी ऐन वेळी त्या हीच गायल्या होत्या. पण त्यांच्या हितचिंतक संगीत-दिग्दर्शकाचं मत पडलं, की या घराच्या उंबऱ्यावर पहिलं पाऊल दासीच्या वेषात पडू नये. प्राइसबाईंनी नकार दिला. जिथे आपल्या माणसांना इतकी वर्षं दार बंद होतं, तिथलं निमंत्रण परत पाठवायला काय काळीज लागलं असेल! मधल्या काळात व्हिएन्नात, मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात त्या 'आयडा' गायल्या. आणि 27 जानेवारी 1961 ला मेट्रोपॉलिटनमध्ये आल्या त्या 'इल त्रोवातोरे'ची लिओनोरा होऊन, दरबारातली खानदानी स्त्री म्हणून. त्या रात्री 42 मिनिटं टाळ्या वाजत राहिल्याचं सांगतात.

यानंतरचा भाग मुलींना मी मुद्दाम सावकाश सांगते. त्या पहिल्याच हंगामात, काही महिन्यांत, पाच वेगवेगळ्या भूमिका. त्याच शरदात पुच्चिनीचा 'ला फान्चुल्ला देल वेस्ट' : नायिकेचा आवाज मधल्या पट्टीत ऑर्केस्ट्राशी सतत झुंजतो. दुसऱ्याच प्रयोगात, अंक चालू असताना, आवाज गेला. उरलेल्या ओळी त्यांना बोलून निभवाव्या लागल्या आणि पुढचा अंक दुसऱ्या गायिकेने गायला. प्राइसबाई काही आठवडे रंगमंचापासून दूर राहिल्या.

आवाज जाण्याची धास्ती मला आतून ठाऊक आहे. तेविसाव्या वर्षी मी एका स्पर्धेसाठी हेच नाइलकाठचं गाणं उचललं. सर्दी होती, तरी गायले. स्वरतंतूंना सूज आली. दोन महिने घरात पाटीवर लिहून बोलत होते. आवाज परतला, पण वरचे दोन सूर पूर्वीसारखे कधीच लागले नाहीत.

प्राइसबाईंचे सूर परतले, कारण पुढे त्या निवडून गायल्या. सत्तरच्या दशकात ऑपेरे कमी केले, मैफली वाढवल्या. त्या मैफलींत पियानोच्या साथीने गाता येतं, रात्रभर ऑर्केस्ट्राच्या लाटेवर स्वार व्हावं लागत नाही. पुष्कळ रसिकांना ही माघार वाटली. मला ती हिशेबी शहाणीव वाटते.

3 जानेवारी 1985. निरोपाचा प्रयोग, वय 57, भूमिका तीच : आयडा. त्याचं चित्रीकरण मी वर्गात दाखवते. तो वरचा सूर येतो तेव्हा मी मुलींना प्राइसबाईंची बरगडी बघायला सांगते. श्वास सोडताना ती मिटत नाही, उघडीच राहते. गाणं संपतं आणि टाळ्या थांबतच नाहीत. प्राइसबाई भूमिकेत निश्चल उभ्या राहतात, पण चेहरा शेवटी दगा देतोच.

सप्टेंबर 2001 मध्ये, अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ कार्नेगी हॉलमध्ये मैफल झाली. तेव्हा त्या 74 वर्षांच्या होत्या. दोन गाणी गायल्या, आणि शेवटचा वरचा सूर लागला.

परवा एका मुलीने हे सगळं ऐकून वही मिटली आणि म्हणाली, "ताई, मग आज काय घेऊ?" मी तिला मधल्या पट्टीतला एक साधा सूर दिला, आठ मोजेपर्यंत धरायला.